कोण कुणाला उधार देतं?

छोट्या धंद्याला मदत करायची म्हटलं की आपल्या डोक्यात पहिला शब्द येतो कर्ज. दुसरा प्रशिक्षण. तिसरा, आमच्या क्षेत्रातल्या लोकांच्या डोक्यात तरी, ॲप. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि या तीन शब्दांवर पोट भरणारी बरीच माणसं माझ्या ओळखीची आहेत. चांगली माणसं आहेत. पण तिन्ही शब्दांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. लहान धंदेवाल्याकडे काहीतरी कमी आहे, पैसा, अक्कल नाहीतर तंत्रज्ञान, आणि ते आपण बाहेरून नेऊन द्यायचंय.

माझ्या मामाचा भोसरी एमआयडीसीत गाळा आहे. दोन सीएनसी, एक व्हीएमसी, एक जुना लेथ आणि सात माणसं. बुश, पिन, फ्लँज असले छोटे सुटे भाग तिथे बनतात आणि एका मोठ्या कंपनीला जातात. तिचं नाव इथे महत्त्वाचं नाही, कारण दुसऱ्या कुठल्या कंपनीचं नाव घातलं तरी गोष्ट तीच राहील. मामाकडे नेमकं काय कमी आहे याचा हिशोब मी गेली दोन-तीन वर्षं करतेय. मशीन आहेत, काम येतंय, माल रिजेक्ट होत नाही, नफाही आहे. कमी एवढंच आहे की त्याचे पैसे त्याच्याकडे नाहीत. ते त्याच्या गिऱ्हाइकाकडे आहेत.

"बिल पास झालं का?" हे वाक्य मी त्याच्या घरी इतक्या वेळा ऐकलंय की लहानपणी मला वाटायचं, बिल म्हणजे शाळेत जाणारं कोणीतरी आहे आणि दरवर्षी काठावर अडकतंय.

हे पास होणं म्हणजे काय ते सांगते. माल टेम्पोत चढतो, सोबत चलन आणि बिल जातं. कंपनीच्या गेटवर नोंद होते. मग स्टोअरवाला मोजतो, क्वालिटीवाला तपासतो, कुणीतरी सिस्टीममध्ये माल मिळाल्याची नोंद करतो, मग बिल अकाउंट्सला जातं, तिथे एकाची सही, मग दुसऱ्याची. एवढं झालं की बिल पास. आणि इथून पुढे ऑर्डरवर छापलेले ९० दिवस मोजायला सुरुवात होते. ९० दिवस भरले म्हणून त्याच दिवशी पैसे येतात असंही नाही. कंपनी महिन्यातून ठरलेल्या दोन तारखांनाच पैसे सोडते. तारीख हुकली की पुढच्या फेरीत. त्यामुळे कागदावरचे ९० दिवस मामाच्या पासबुकात साधारण साडेतीन महिने होतात.

आता गणित. आकडे सोपे करून घेते.

मध्यंतरी मामाला महिन्याला ५ लाखांचं नवीन काम देऊ केलं होतं. त्यातले अडीच लाख मटेरियलला जातात. पगार, लाइटबिल, टूलिंग, टेम्पो मिळून पावणेदोन लाख. उरतात ७५ हजार. कुणीही म्हणेल, घे की!

पण पहिला रुपया साडेतीन महिन्यांनी येणार. तोपर्यंत स्टीलवाल्याला पैसे हवेत, तो फार तर महिनाभर थांबतो. कामगारांना महिन्याच्या महिन्याला हवेत. महावितरण तर थांबतच नाही. आणि जीएसटी! १८ टक्के दराने ५ लाखांवर ९० हजार होतात. त्यातला काही भाग मटेरियलच्या बिलावर आधीच भरलेला असतो, उरलेला पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत सरकारकडे भरायचा. पैसे हातात आले का, हे जीएसटी विचारत नाही. बिल फाडलं की कर लागला. म्हणजे गिऱ्हाइकाने अजून न दिलेल्या पैशांवरचा कर मामा स्वतःच्या खिशातून भरतो. हे सगळं मिळवून आणि स्टीलवाल्याची महिन्याची उधारी वजा करून, ते काम घ्यायला साधारण १५ लाख रुपये लागतात.

गंमत अशी की हा धंदा वाईट नाही. १५ लाख घालून महिन्याला ७५ हजार मिळवणं कुठल्याही फंडापेक्षा भारी आहे. बँकेचं व्याज भरूनही परवडेल. फक्त ते १५ लाख हवेत, आणि काम वाढेल तसे आणखी हवेत. मामा म्हणतो, "धंदा पडला तर माणूस दोन वर्षांनी मरतो. धंदा वाढला तर सहा महिन्यांत." मला हे आधी नाटकी वाटायचं. आता स्प्रेडशीटमध्ये दिसतं.

मग बँक आहे ना? आहे. मशीन घ्यायला बँक कर्ज देते, कारण मशीन तारण असतं आणि ते पळून जात नाही. मामाचं व्हीएमसी तसंच आलंय. पण वाट बघायला लागणारा पैसा वेगळा. त्यासाठी कॅश क्रेडिट असतं, ज्याला सगळे सीसी म्हणतात. त्याची मर्यादा ठरवताना बँक पडून असलेला माल आणि लोकांकडून येणं असलेली रक्कम बघते. मात्र ९० दिवसांहून जुनी येणी बँक सहसा त्यात धरत नाही. तिच्या मते तो पैसा आता भरवशाचा राहिलेला नसतो. म्हणजे कंपनीने जितका जास्त उशीर केला, तितकी मामाची उसनं घेण्याची ताकद कमी. मामीच्या बांगड्या सोनेतारण कर्जात किती वेळा जाऊन आल्या याची नोंद कुठल्याही सिस्टीममध्ये नाही. मामीकडे आहे.

आणि हे ९० दिवस आणखी एका ठिकाणी येतात. मामाने बँकेचा हप्ता ९० दिवसांहून जास्त थकवला तर त्याचं खातं एनपीए होतं, बुडीत. सिबिल खराब होतं, पुढची पाच-सात वर्षं कुणी दारात उभं करत नाही. कंपनीने मामाचे पैसे ९० दिवस थकवले तर त्याला 'पेमेंट टर्म्स' म्हणतात. दिवस तेच, पैसेही जवळजवळ तेच. एका बाजूला ठपका, दुसऱ्या बाजूला करारातलं एक कलम.

वर हा सगळा बिनव्याजी व्यवहार. मामाला पैसे ज्या दराने मिळतात त्याहून कितीतरी स्वस्त दराने मोठ्या कंपनीला मिळतात. महागात उसने घेणारा माणूस स्वस्तात उसने मिळणाऱ्याला फुकट उधार देतोय. लहान धंद्याला कर्ज कसं द्यायचं यावर आपण परिषदा भरवतो. तो स्वतः कुणाला किती कर्ज देऊन बसलाय, हे विचारत नाही.

तुम्ही म्हणाल, यावर कायदा नाही का? आहे, आणि चांगला आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उपक्रमांसाठीचा कायदा २००६ चा. त्यात लिहिलंय की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला की लेखी करार असेल तर त्यात ठरल्याप्रमाणे, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. करारच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. हे ४५ दिवस मोजायचे मालाची डिलिव्हरी झाल्यापासून. पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली तरच ती तारीख पुढे जाते. म्हणजे कायद्याच्या लेखी 'बिल पास होणं' नावाची गोष्टच नाही. मामाच्या ऑर्डरवर छापलेले ९० दिवस कायद्यात बसतच नाहीत.

तक्रारीसाठी राज्यांत परिषदा आहेत. २०१७ मध्ये 'समाधान' नावाचं पोर्टलही सुरू झालं, घरबसल्या अर्ज करता यावा म्हणून. मी मोठ्या उत्साहाने मामाला ते फोनवर उघडून दाखवलं. त्याने चष्मा लावून नीट वाचलं, आणि फोन परत दिला.

"अगं, तक्रार केली तर पैसे मिळतील. व्याजासकट मिळतील. आणि नंतर?"

पाण्यात राहून माशाशी वैर, एवढंच. त्याच्या धंद्यातलं निम्म्याहून जास्त काम त्या एकाच गिऱ्हाइकाचं. पुढची ऑर्डर शेजारच्या गाळ्यात गेली तर कुठल्या परिषदेकडे जायचं? कायदा पैसे मिळवून देऊ शकतो, काम मिळवून देऊ शकत नाही.

इथे माझ्या नोकरीचा संबंध येतो. मी ज्या टीममध्ये आहे ती कंपन्यांसाठी पुरवठादारांची बिलं हाताळणारं सॉफ्टवेअर बनवते. २०२४ च्या सुरुवातीला आमच्याकडे अचानक एका विषयाची धावपळ सुरू झाली. प्राप्तिकर कायद्यात ४३बी(एच) हे नवीन कलम आलं होतं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे कायद्याच्या मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी वजा करता येणार. म्हणजे बिल या वर्षीचं आणि पैसे पुढच्या वर्षी दिले, तर या वर्षी तेवढ्या रकमेवर जादा कर. सगळ्या कंपन्या आपल्या पुरवठादारांना 'उद्यम प्रमाणपत्र पाठवा' म्हणून ईमेल करू लागल्या. आम्ही पुरवठादाराच्या नोंदीत एक रकाना वाढवला: सूक्ष्म, लघु, मध्यम, की यातलं काहीच नाही.

त्या मार्चमध्ये मामाला पैसे वेळेत आले. मामीने फोन करून सांगितलं, जणू कुणाचं लग्न ठरलंय. मे महिन्यात सगळं परत होतं तसं.

याचं कारण मला आमच्याच लॉजिकमध्ये दिसत होतं. त्या कलमाचा चटका बसतो तो वर्षाच्या शेवटी. मे महिन्याचं बिल फेब्रुवारीत फेडलं, नऊ महिने उशिरा, तरी आर्थिक वर्ष तेच राहतं. कराच्या हिशोबात कंपनीचं काही जात नाही. त्यामुळे तो रकाना वर्षभर झोपलेला असतो आणि मार्चमध्ये जागा होतो. काहीच नसण्यापेक्षा हे बरं, हे मान्य. पण मामाचे कामगार पगार एकदम मार्चमध्ये घेत नाहीत.

त्याच कामात मला आणखी एक गोष्ट दिसली, आणि हा लेख खरं तर त्यामुळे लिहितेय. सिस्टीममध्ये प्रत्येक बिलाला एक मूळ तारीख असते, जिच्यापासून दिवस मोजायचे. बहुतेक ठिकाणी ती बिलाची नोंद झाल्याची तारीख असते. मी एका क्लायंटसाठी एक साधा रिपोर्ट सुचवला: लहान पुरवठादारांचे दिवस गेटवर माल आल्याच्या तारखेपासून मोजून दाखवा. तारखा सगळ्या आधीच सिस्टीममध्ये होत्या, फक्त कुणी शेजारी शेजारी ठेवल्या नव्हत्या. रिपोर्ट आला तेव्हा दिसलं की गेट ते नोंद यात सरासरी दोन-अडीच आठवडे जातायत. हा उशीर कुणी ठरवलेला नव्हता. त्यातून कंपनीचा काही धोरणात्मक फायदाही होत नव्हता. बिल कुणाच्या तरी स्क्रीनवर मंजुरीसाठी पडून होतं आणि तो माणूस रजेवर होता, किंवा मीटिंगमध्ये होता, किंवा 'शुक्रवारी सगळी एकदम करतो' म्हणणारा होता.

त्या क्लायंटने मंजुरी देणाऱ्यांच्या फोनवर तिसऱ्या दिवशी आठवण पाठवायला सुरुवात केली, आणि माणूस रजेवर असेल तर बिल आपोआप त्याच्या वरच्याकडे जाऊ लागलं. दोन-अडीच आठवड्यांचा आठवड्याहून कमी काळ झाला. कुणाला कर्ज द्यावं लागलं नाही, कुणाचं प्रशिक्षण झालं नाही. ९० दिवसांचं कलम तसंच राहिलं, ते बदलणं माझ्या हातात नाही. पण मामासारख्या माणसाच्या हिशोबात दहा दिवस आधी पैसे येणं म्हणजे महिन्याच्या विक्रीचा तिसरा हिस्सा मोकळा होणं.

हा प्रश्न फक्त भोसरीचा नाही. मायक्रोफायनान्सची प्रसिद्ध गोष्ट आठवा. १९७६ साली बांगलादेशातल्या जोब्रा गावात मुहम्मद युनूस यांनी ४२ जणांना मिळून २७ डॉलर दिले. पुढे त्यातून ग्रामीण बँक उभी राहिली, २००६ चं शांततेचं नोबेल मिळालं. ही गोष्ट आपण 'गरिबाला कर्ज दिलं' अशी सांगतो. पण बांबूची स्टुलं करणाऱ्या तिथल्या बाईची अडचण काय होती? बांबूसाठी पैसे देणारा व्यापारीच तिची स्टुलं विकत घ्यायचा, आणि भाव तोच ठरवायचा. अडचण पैशाची होतीच, पण ती तयार झाली होती माल घेणाऱ्याच्या अटींमुळे. अटी बाजूला राहिल्या आणि कर्ज जगभर गेलं. २०१५ मध्ये भारत, मेक्सिको, मोरोक्को, मंगोलिया, इथिओपिया आणि बोस्निया अशा सहा देशांतले काटेकोर अभ्यास एकत्र प्रसिद्ध झाले. निष्कर्ष साधारण असा, की सूक्ष्मकर्जाचा थोडा उपयोग होतो, पण आयुष्य पालटत नाही.

कोलकात्यात झालेला एक अभ्यास मला जास्त शिकवून गेला. तिथे काही कर्जदार बायकांचा पहिला हप्ता नेहमीप्रमाणे दोन आठवड्यांनी सुरू झाला आणि काहींचा दोन महिन्यांनी. कर्ज तेच. ज्यांना दोन महिने मिळाले त्यांनी धंद्यात जास्त पैसे घातले आणि तीन वर्षांनंतरही त्यांचा नफा जास्त होता. त्यांच्यात हप्ते बुडण्याचं प्रमाणही वाढलं, हेही खरं. पण रक्कम न बदलता फक्त तारीख बदलली की धंदा बदलतो, हे त्यातून दिसतं.

तारखेवर थेट काम करणारे देशही आहेत. चिलीने २०१९ मध्ये ३० दिवसांत पैसे देण्याचा कायदा आणला. मेक्सिकोच्या नॅशिओनाल फिनान्सिएरा या सरकारी विकास बँकेने २००१ पासून वेगळी वाट काढली: मोठ्या कंपनीने बिल मान्य केलं की लहान पुरवठादार ते ऑनलाइन वित्तसंस्थेला विकून लगेच पैसे घेऊ शकतो आणि व्याजदर लागतो तो मोठ्या कंपनीच्या पतीवर. मुदत संपली की वित्तसंस्था मोठ्या कंपनीकडून वसूल करते. आपल्याकडे हेच 'ट्रेड्स' नावाने आहे. रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये त्याचे नियम केले, २०१७ पासून प्लॅटफॉर्म सुरू झाले. पैसे बुडाले तर वित्तसंस्था लहान पुरवठादाराच्या मागे लागू शकत नाही, हे त्यातलं सगळ्यात चांगलं. आता २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना त्यावर नोंदणी करावी लागते.

मामाच्या गिऱ्हाइकाचीही नोंदणी आहे. पण नोंदणी करणं आणि बिलं त्यावर आणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिल मान्य करायचं बटण शेवटी कंपनीच्याच हातात असतं. मामाने दोनदा विचारलं. "बघतो" असं उत्तर आलं. एमआयडीसीत "बघतो" म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं.

मग त्या ५ लाखांच्या कामाचं काय झालं?

माझ्या मामेबहिणीला ते घ्यायचं होतं. तिने मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय आणि ती वर्षभर गाळ्यावर जातेय. मामा तिला रोज नोकरीच्या जाहिराती पाठवतो. दोघं महिनाभर भांडली. शेवटी तिने एक रस्ता काढला, जो या धंद्यात जुनाच आहे: मटेरियल तुमचं, मजुरी आमची. बार कंपनीने पाठवायचा, मामाने फक्त मशीनिंग करून द्यायचं. म्हणजे स्टीलचे अडीच लाख अडकत नाहीत, जीएसटीही फक्त मजुरीवर. १५ लाखांच्या जागी सहा-सात लाखांत काम उभं राहतं. कंपनी तयार झाली.

पण ७५ हजारांच्या जागी आता ४० हजारच सुटतात. मटेरियल घासाघीस करून घेण्यात, कापताना वाचवण्यात जे सुटायचं ते गेलं. मामाला पैशापेक्षा दुसरं लागलंय. तीस वर्षांपूर्वी त्याने दुसऱ्याच्या बारवर मजुरी करतच सुरुवात केली होती. स्वतःचं मटेरियल घेऊन स्वतःचा भाग विकणं, हीच त्याची बढती होती. "पोरगी हुशार आहे," तो मला म्हणाला, "पण परत मजूर झालो बघ."

ती वाद घालत नाही. तिने मी दिलेल्या रिपोर्टसारखीच एक शीट बनवलीय, गेटच्या तारखेपासून दिवस मोजणारी. गिऱ्हाइकाच्या कुठल्या खात्यात बिल पडलंय, कोण रजेवर आहे, हे तिला मामापेक्षा जास्त माहीत असतं. दहाव्या दिवशी ती फोन करते, गोड बोलून. आणि गेल्या महिन्यात तिने एक नवीन, लहान गिऱ्हाईक धरलं. भाव चार टक्के कमी देतात, पण तिसाव्या दिवशी पैसे येतात. त्यांच्यासाठी मटेरियल आम्ही आणतो.

हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण कुठल्या ना कुठल्या मोठ्या कंपनीत नोकरी करत असतील. तुमच्यापैकी काहींच्या लॅपटॉपवर आत्ता मंजुरीसाठी काही बिलं पडलेली असतील: केटररचं, छपाईवाल्याचं, टॅक्सीवाल्याचं, कुठल्यातरी गाळ्याचं. त्यांची मुदत ठरवणं तुमच्या हातात नसेल. पण मुदत मोजायला कधी सुरुवात होते, ते तुमच्या हातात आहे. शुक्रवारची वाट बघू नका.